मादी: अज्ञात

चार नंबर पंपाच्या मागे
डॉक्टर शम्सांनी पांढरी चादर ताणून बांधली तेव्हा
मला वाटलं, कुणी गेलं की काय.
लिवाच्या वाळूवर मार्चात रात्री धुकं उतरतं,
चादर ओली होते, ट्यूबलाइट गुणगुणते,
आणि येतात एकेक: पतंग, पंखवाले मुंगळे,
एक विंचू (तो चुकून),
मग दोनच्या सुमाराला हे.

लिही, त्या म्हणाल्या, जे दिसतं तेच लिही.
माझ्याकडे वही एकच, पंपाच्या प्रेशरची.
मागच्या पानावर लिहिलं:

रंग: उकड्या तांदळाचा. पोटाकडे जरा करपलेला.
लांबी: नऊ मिलिमीटर. मोजली डॉक्टरांनी, बॅटरी मी धरली.
पंख: धुरकट, कंदिलाची काच एका अंगाने काळी होते तसे.
डोळे: दोन मोठे. कपाळावर आणखी तीन,
काचेच्या टाचणीच्या डोक्याएवढे,
अंधार पिण्यासाठी.
नांगी: नाही. शेवटाला एक वाकडा काटा,
चिमटीत धरलं की डसल्याचं सोंग करतो.
मी हात झटकला. डॉक्टर हसल्या.
आवाज: नोंदवता आला नाही, पंप चालू होता.

गांधीलमाशी म्हणावी तर पिवळी नाही, चिडकी नाही,
कुणाच्या वाटेला जात नाही.
अशी आधी कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणे.
म्हणजे ती होतीच,
फक्त वहीत नव्हती.

एकेचाळीस नमुने. एकेचाळीस नर.
मादीला पंख नसावेत, डॉक्टर म्हणाल्या,
ती असेल वाळूखाली हातभर, गाफच्या मुळांशी.
उजेडाला येतात ते नर.
केबिनमध्ये हे सांगितलं
तर झरगुल खूप वेळ हसला,
मग चप्पल न घालताच बाहेर गेला.

माझ्या बताक्यावर मी 'बरकार'.
अरबीत प नाही, त्यात कुणाचा दोष नाही,
अकरा वर्षं मी ब-वर सही केली.
पण टाचणीखालच्या चिठ्ठीवर,
मुंगीने वाचावं इतक्या बारीक अक्षरात,
लिवा, पंप क्रमांक चार, दिव्यावर,
संकलक: इ. परकार.
प सकट.
भिंगातून तीनदा पाहिलं.

त्याच कागदात खाली एक ओळ आहे:
मादी: अज्ञात.
ती ओळ मला राहू देईना.
शुक्रवारी डाळीचा डाव घेऊन गाफखाली बसलो.
निघालं ते: शर्टाचं बटण, पालीच्या अंड्याची टरफलं,
खाली, अजून खाली, दोऱ्यासारखं ओलं मूळ.
पुढच्या शुक्रवारी पुन्हा.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी वारा होता,
खणलेलं सगळं मागे येऊन बसलं.

रात्री बाणकोटला फोन.
नसीमला सगळं सांगितलं, तांदळाचा रंग,
तीन जास्तीचे डोळे, प.
ती भांडी घासत होती, नळाचा आवाज येत होता.
मग नळ बंद झाला.
म्हणाली, अज्ञात कुणाला?
तिला तर ठाऊक आहे ती कुठे आहे.
आणि वर कशाला येईल ती? तिचं घर खाली आहे.
तुम्ही दिवा लावून बसलात
म्हणून सगळ्यांनी यायचं का?

मी म्हटलं, आवाज तुटतोय.
तुटत नव्हता.

आज दोन वाजता दिवा दहा मिनिटं बंद ठेवला.
चादरीवरचे उडाले, कुठे ते दिसलं नाही.
अनवाणी उभा राहिलो.
वाळू वरून गार,
अंगठा रोवला तर आत अजून कोमट.
काही हललं, किंवा पंपाचा थरथराट असेल.

वहीत लिहिलं, पुढच्या पानावर, नेहमीच्या जागी:
चार नंबर. प्रेशर तीन पॉइंट दोन.
बाकी ठीक.