रफार

सभा चारची होती, सुरू झाली साडेपाचला.
तोवर मी बेदाण्याच्या शेडवरनं
अर्ध्या हजेरीवर सुटून आले होते,
बोटं अजून चिकट.

सावळज रस्त्याची आमची जिल्हा परिषदेची शाळा.
खोल्या दोन, गुरुजी दीड:
अर्धे कायम तालुक्याला, माहिती भरायला.
समितीवर आम्ही पालक बाराजण.
त्यातला एक अध्यक्ष करायचा.

'बिनविरोध करूया,' सर्जेराव म्हणाले,
'एका खुर्चीपायी गावात वाकडं कशाला?'
नाव ठरलेलंच होतं. धैर्यशील.
चार एकर द्राक्षबाग, पांढरी गाडी,
थोरली तासगावला इंग्रजी शाळेत,
धाकटा तेवढा आपल्या पहिलीत,
तोही या जूनपर्यंत.

मी हात वर केला.
का केला, म्हणून बायका अजून विचारतात.
मोठं काही नव्हतं मनात.
मुलींच्या मुतारीच्या टाकीला तोटी नाही.
सात महिने झाले, कापडाचा बोळा कोंबलाय,
आणि माझी समीक्षा शाळेत
दिवसभर पाणी पीत नाही.
एवढंच.

मग चहा आला. चहानंतर चिठ्ठ्या,
चार घड्या घालून, खडूच्या डब्यात.
सहा त्याला. सहा मला.
माझ्यातली पाच मला माहीत होती.
सहावं कुणाचं, अंदाज आहे फक्त:
त्याची भावजय विजयमाला सगळ्यात शेवटी उठली,
चिठ्ठी टाकली, पदर नीट करत बसली,
आणि सभा संपेपर्यंत
माझ्याकडं एकदाही बघितलं नाही तिनं.

गुरुजी म्हणाले, ईश्वरचिठ्ठी.
पटांगणातनं बिरूला हाक मारली,
दुसरीतला, धनगराचा.
जूनमध्ये अक्षरं दिसली की
मेंढरं हाकलावी तशी हाताने बाजूला सारायचा.
डब्यात दोन कागद. त्यानं एक काढला,
उघडला,
आणि थांबला.

तिथंच कळलं मला.
माझं नाव मालन. एक काना, बाकी सगळं सपाट रान.
बिरूनं ते एका दमात वाचलं असतं.

'धै,' तो म्हणाला. 'धै.'
पुढं य उभा, आणि त्याच्या डोक्यावर
ती विळ्याएवढी वाकडी रेघ.
माणसं सतरंजीवर पुढं सरकली.
सर्जेरावांनी ओठ हलवले, सांगायला.
'सांगू नका त्याला!' मी म्हणाले,
इतक्या मोठ्यानं की माझी मलाच लाज वाटली.

आपण पडल्याची बातमी
एका पोराच्या तोंडातनं अशी अडखळत यावी,
आणि आपण आतल्या आत म्हणावं, ये, ये,
दिसतो वर, पण बोलतो आधी,
र आधी घे, लेकरा, र आधी.

'धै... य. नाही. थांबा. धैर्य.'
मग 'शील' उतार लागल्यासारखं.

टाळ्या पडल्या. पहिली माझी.
धैर्यशीलला वाटलं, त्याच्यासाठी.
हात जोडले त्यानं माझ्याकडं बघून, तेही बरं दिसलं.
हार तयारच होता,
सकाळपासनं ओल्या फडक्यात गुंडाळलेला.
बिरू म्हणाला, 'जाऊ का?'
आणि कुणी जा म्हणायच्या आत गेला.

इतिवृत्ताच्या वहीत सह्या झाल्या.
माझ्या सहीपुढं जरा जागा होती.
तिथं लिहिलं, टाकीला तोटी नाही.
'वहिनी, इथं नुसती सही करायची असते,' गुरुजी म्हणाले.
'लिहून झालं,' मी म्हणाले.

बाहेर अंधार पडलेला. समीक्षा फाटकाशी उभी.
वाटेत कोण जिंकलं, विचारलं नाही तिनं,
माझा हात सोडून पुढं पळाली.
मी घरी पोचले तेव्हा
माठाशी उभ्या उभ्या
दुसरा तांब्या पीत होती.