तार

चौथी ब मध्ये भूमेश दुस्सानं
इरय्याच्या पाठीत कंपास टोचला.
रक्त थेंबभर. बोंब मात्र
कन्ना चौकापर्यंत गेली असेल.

का रे, म्हटलं.
तो फरशी बघतोय.
राग आला होता?
मान हलेना, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.
तुमच्या घरी रागाला काय म्हणतात?
"कोपम."
मग कोपम आला होता?
"नाही बाई."
पाठ चोळत इरय्या मध्येच, "आमच्यात सिट्टु."
मागून मुबीना, "गुस्सा, बाई, गुस्सा!"
एका खोलीत रागाची चार नावं
आणि ज्याच्या हातून तो घडला
त्याला एकही बसेना.

प्रशिक्षणात मिळालेला तक्ता काढला.
सहा पिवळे चेहरे, ताटलीसारखे गोल.
यातला तू कोणता?
त्यानं बराच वेळ लावला. मला वाटलं, सापडलं.
"बाई, यांना कानच नाहीत."

शनिवारी त्याच्या घरी गेले.
दारात आई, मांडीवर सूप,
पान, तंबाखू, दोरा,
बोलतानाही बोटं थांबत नव्हती, आकडा चुकू नये म्हणून
प्रत्येक वाक्य अर्ध्यात सोडायची.
आत दोन माग.
आत गेल्यावर मला कळलं
या घरात कुणी कुणाला काही सांगायचं तर
ओरडायचं, नाहीतर हात धरून ओढायचं.
तिसरी रीत नाही.

भूमेशनं माझा हात धरून ओढलं.
कानाशी तोंड आणून ओरडला:
"नवीन मागाला तार तुटली की तो आपोआप थांबतो!
आमचा जुना आहे!
थांबतच नाही! बाबाला दिसेपर्यंत
एवढं विणून होतं!"
आणि बाजूला टाकलेला टॉवेल उलगडून
त्यातली उभी, बारीक, रिकामी रेघ
नखानं मला वरपासून खालपर्यंत दाखवली.

मी कौतुकानं मान डोलावली. माहिती छान सांगतो पोरगा.
पायरीपर्यंत सोडायला आला.
बाहेर आवाज कमी. ऊन असं की
चपलेतून तळवे भाजत होते.
"कंपासच्या वेळी," तो म्हणाला,
"तसं झालतं."

मी तिथंच बसले, पायरीवर, तापलेल्या.
कुठं तुटली होती?
तो मागे मागे गेला.
डब्यापाशी नाही, इरय्या डब्याला हसला, ते नंतर.
प्रार्थनेपाशी नाही.
पाचव्या दिवशी पाणी आलं, तेही पहाटे तीनला,
घागर त्याच्या हातून सांडली,
कुणी मारलं नाही.
"कुणी काहीच म्हटलं नाही बाई.
आई नुसती सांडलेल्याकडे बघत होती."
तिथं.

आता वर्गात तक्ता नाही.
कुणी हात वर करून म्हणतं, बाई, तार,
आणि खिडकीपाशी जाऊन उभं राहतं.
निम्मे उन्हाचं, निम्मे खेळ म्हणून, दोघं-तिघं गणित टाळायला.
चालतं.
भूमेशनं पुढच्याच आठवड्यात फळ्याचं डस्टर फेकलं,
तेव्हा हात वर करायला विसरला.
पण इरय्या उठून गेला त्याच्याजवळ,
जरा लांबच, कंपास आठवत असावा,
म्हणाला, "काय बे. कधी तुटली?"
दोघं उभे राहिले. काही बोलले नाहीत.
मी गुणाकार चालू ठेवला.

काल तपासणीचे साहेब येऊन गेले.
नंतर मुबीनाची वही मी
अशी आपटली की पानं सुटली.
शाईचा एक डाग. एवढाच गुन्हा.
वर्ग चिडीचूप.
ती पानं गोळा करत, वर न बघता,
अगदी हळू आवाजात म्हणाली,
"बाई, तुमची कधी तुटली?"

खडू हातात.
साहेबांपासून मागे गेले. तिथं नव्हती.
सकाळच्या रिक्षापासून, कालच्या फोनपासून,
हातभर मागे,
मग आणखी हातभर.
चाळीस पोरं थांबली होती.