अवघड जागा

पाऊण लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं.
मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात,
किरणांच्या वाटेतून जरा बाजूला होतात,
असं डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं,
पोरांना ढग काढून दाखवावा तसं.

मी बावीस वर्षं शाळेची पिवळी गाडी चालवली
पुन्ता अरेनासच्या वाऱ्यात,
जिथे माणसांना धरायला चौकात दोर बांधतात.
पोरं मला तिआ म्हणायची, म्हणजे मावशी.
"धरून ठेव रे, आलंच घर,"
किती जणांना सांगितलं असेल.
आता रोज अकरा वाजता स्वतःला सांगते.

अवघड जागेचं दुखणं,
आणि मशीनवर कोण, तर माझ्याच गाडीतला पोरगा.
नेल्सन ओयार्सो. भुवईवरच्या खुणेवरून ओळखला.
तिसरी सीट, खिडकीशी, हिरवा डबा.
आता दाढी आहे, आणि हात गार.
माझ्या अंगावर गोंदलेले तीन ठिपके
तो लाल रेघेशी जुळवतो.
"हलू नका, सेन्योरा."
नजर ठिपक्यांच्या बाहेर जात नाही.

सतराव्या दिवशी मशीन अडलं.
वीस मिनिटं. पंचवीस.
छतावर कुणीतरी समुद्राचं चित्र लावलंय,
मी डोळे मिटून घेतले.
मग खोकला आला.
एवढंच.

आधी ऊब. मग ऊब गार होत गेली,
टेबलावरचा कागद मांडीला चिकटला.
एकसष्ट वर्षांची बाई मी.

तो आत आला. खाली पाहिलं नाही.
"मशीननं उशीर केला, तिआ. चूक आमची."
कोरडा गाऊन उलगडून खुर्चीवर ठेवला
आणि पाठ करून वायर गुंडाळत राहिला,
जी आधीच गुंडाळलेली होती.

जुलै होता तो, आणि हा सहा वर्षांचा.
बर्फानं रस्ता बंद, गाडी तासभर जागच्या जागी.
तिसऱ्या सीटवरून वास आला.
मी थर्मास उघडला, अख्खा चहा सीटवर ओतला,
"बघा, काय धांदरट बाई!" म्हणून स्वतःवरच ओरडले.
त्याच्या आईलाही तेच सांगितलं.

आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.

अठ्ठावीस झाले. संपलं, असं सगळे म्हणतात.
लघवीला बसताना हातात कोमट पाण्याचा जग,
ओतत ओतत करायचं, मग आग निम्मी होते.
निम्मी म्हणजे काचेऐवजी वाळू.
मसूर बंद, कोबी बंद,
बहिणीनं पाठवलेला कालाफाते बेरींचा मुरंबा
कपाटात काळा होऊन बसलाय.
रात्री चारदा उठते, कधी सातदा.
गावात कुणाचं संडास कुठे, मला पाठ आहे:
पेट्रोल पंप, चर्चच्या मागचं,
आणि बेकरीवाली द्रागित्सा, जी मला बघितलं की
काउंटरवरून किल्ली सरकवते, पावाचं विचारतच नाही.

आणि ती नळी. प्लास्टिकची, मेणबत्तीएवढी.
आठवड्यातून तीनदा, दहा दहा मिनिटं,
नाहीतर आतली वाट मिटत जाते.
मी रेडिओवर खलाशांसाठीचं हवामान लावते:
सामुद्रधुनीत वारा पश्चिमेचा, लाटा तीन मीटर.
दाराबाहेर आर्तेमियो मुद्दाम भांडी आदळतो,
मला हवं तर ओरडता यावं म्हणून.
एकदा ओरडले. त्यानं कढई पाडली.
नंतर दोघं हसलो,
हसताना पुन्हा थोडी गळले,
आणि त्याच्यासमोर पहिल्यांदाच काही वाटलं नाही.
दुसऱ्या दिवशी वाटलं.

गाडी आता यास्ना चालवते. फोन आला होता,
मार्चमध्ये शाळा सुरू होतेय,
गाडीत काय काय ठेवू?
म्हटलं, जादा पँट दोन, वेगवेगळ्या मापांच्या.
फडकी. आणि गरम चहाचा थर्मास.
"मी चहा पीत नाही, तिआ."
प्यायला कोण सांगतंय?