कालथा

टीव्हीवाले तुझी सुरुवात दाखवतात ती ग्रिम्सबीच्या गोदीपासून:
धुक्यातला उंच बुरूज,
मासे सोलणाऱ्या बायकांचा एक जुना फोटो,
डावीकडून तिसरी तू, पांढरी टोपी, गमबूट.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हटलं असतं,
सुरुवात माझ्या स्वयंपाकघरातल्या कालथ्यापासून.

थ्रेशर स्ट्रीटवर दारांच्या फटीतून पत्रकं सारताना
एकवीस नंबरच्या कुत्र्यानं तुझं बोट फोडलं.
मी नुकतीच रात्रपाळीवरून आलेले.
जखम धुतली, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारलं,
आणि मिरजेहून आणलेला लाकडी कालथा तुझ्या हातात दिला.
"ह्यानं ढकल. बोटं जप, जॅनिस."
सबंध वॉर्ड पिंजून काढलास त्या कालथ्यावर.

मागणी तरी काय होती?
बसथांब्याला छप्पर.
समुद्रावरचा वारा इथं पाऊस आडवा आणतो,
दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्या
औषधाच्या पिशव्या पोटाशी धरून भिजतात.
एवढंच.

पाचशे बारा तुला, पाचशे बारा त्या विमा एजंटाला.
तीनदा मोजली.
रात्री दोन वाजता निवडणूक अधिकाऱ्यानं
बिस्किटांचा रिकामा डबा मागवला,
दोन चिठ्ठ्या, सारख्याच घड्या.
तुझं नाव निघालं, त्याला बिस्किटाचा चुरा लागला होता.

छप्पर झालं.
मग तू कौन्सिलची नेता, मग तिसऱ्या खेपेला खासदार,
मग पक्षाची प्रतोद.
तुमच्या भाषेत त्या पदाला चाबूक म्हणतात,
आमच्या भाषेत बैल हाकायची काठी.
बैल दोन्हीकडे तेच, असं मी फोनवर म्हटलं
तेव्हा तू हसता हसता खोकलीस.

आणि मग ती खुर्ची.
नव्या अध्यक्षाला तिथं ओढत न्यायची रीत आहे म्हणे,
पूर्वी त्या जागी बसणाऱ्यांची डोकी गेलेली म्हणून.
तूही रेललीस मागे, नको नको करत,
उखाण्यासाठी पुढे ढकललेल्या नवरीसारखी.
पाय मात्र तुझे नीट पडत होते, मी बघितलं.

स्पीकर म्हणजे बोलणारी.
पण तुला आता मतच नाही,
पक्ष नाही, बाजू नाही.
निवडणूक आली तरी मोठे पक्ष तुझ्यासमोर कुणाला उभं करत नाहीत,
त्यामुळे दारं नाहीत,
कुत्री नाहीत,
कालथ्याला काम नाही.

फेब्रुवारीत ते विधेयक आलं, किनाऱ्यावरच्या बसच्या अनुदानाचं.
सोफ्यावर पाय घेऊन मी जागत बसले.
दोनशे ऐंशी, दोनशे ऐंशी.
सभागृहात इतकी शांतता
की मला डब्यात चिठ्ठी हलल्यासारखी ऐकू आली.
तू चष्मा काढलास, घातलास.
बरोबरी झाली की अध्यक्षानं जैसे थे राखायचं,
शे-दीडशे वर्षांची ती प्रथा तू वाचून दाखवलीस,
आवाज एकदाही न कापता,
आणि विरोधात मत दिलंस.

तुला दोष द्यावा तर कुठल्या तोंडानं?
नियम पाळायला मीच शिकवलं असेल,
वॉर्डात, रात्री तीनला,
तू आईच्या खाटेशी बसायला यायचीस
आणि मी म्हणायचे, भेटीची वेळ संपली.
तरी दर वेळी दहा मिनिटं
मी पाठ फिरवून औषधं मोजत राहायचे,
हे तुला आठवतं का?

रविवारी फोन आला तुझा. हवा, गुडघा, नातवाचे दात.
बसचं तू काढलं नाहीस, मीही नाही.

अकरा नंबर आता तासाला एक.
छपराची एक काच तडकलीय, कुणीतरी त्यावर चिकटपट्टी लावलीय.
मी आत उभी असते.
वारा अजून आडवाच येतो.

आणि हो, ते राहिलंच.
कालथा परत पाठव.
पोस्टानं चालेल.