वळसा

फ्रीसलंडचं पंपघर, समुद्रसपाटीच्या दोन मीटर खाली.
येल्त्ये रेलवर स्विच टांगते, खट्.
आधी अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर,
मग चोवीस व्होल्ट, दोनदा:
एक सप्लाय गेलाच, तर दुसरा.

दारात म्हातारा वीबे. तीस वर्षं
रात्री-बेरात्री सायकल हाणत यायचा
पाणी किती चढलं बघायला.
"आणि केबल तुटली तर?"

ती बोलत नाही.
चालू रिंगमधली एक केबल उपटते.
लाल दिवा.
पडद्यावरचा आकडा अडखळतो,
आणि कालव्याच्या पलीकडून
वळसा घालून येतो.

"माझा भाऊ असाच," वीबे म्हणतो,
"अकरा वर्षं अबोला.
पण त्याला नात झाली,
ते मासळीवाल्याकडून कळलंच."

येल्त्ये केबल परत खोचते.
क्लिपच्या टक्‌कडे तो कान देतो,
पंपाला द्यायचा तसा.