मागची खोली, मंगळवार

मातोझिन्यूशच्या वाचनालयात मागच्या खोलीत
सहा कॉम्प्युटर आणि सात विद्यार्थी.
सातवे आदेलिनो. ते शिकायला येत नाहीत,
इथला हीटर चांगला आहे म्हणून येतात.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: उंदीर.
ग्रासिंदाबाईंनी पाय वर घेतले.
सार्डिनच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेली बाई,
तिच्यापुढे उंदराची गंमत करू नये.

मग क्लाउड. म्हटलं, तुमचे फोटो आता ढगात असतात.
खिडकीबाहेर अटलांटिकवरून तो येतच होता,
करडा, ओथंबलेला.
"आणि पाऊस पडला की?" झुल्मिरानं विचारलं.
मला व्याख्या पाठ होती.
ती गिळली. म्हणाले, ढगबिग काही नाही हो,
दुसऱ्याचं गोदाम आहे. लांबचं. थंडगार ठेवलेलं.
माल त्याच्याकडे, किल्ली आपल्याकडे.
"मग तसं सांग की. गोदाम आम्हाला कळतं.
गोदामाचा मालकसुद्धा कळतो."

बॅकअप मला त्यांनीच शिकवला:
एकच जाळं घेऊन कोण जातं समुद्रात?

कुकीवर अर्धा तास गेला.
कोपऱ्यावरचा कॅफेवाला बघा, म्हटलं,
तुम्ही दारात दिसताच त्याला साखर किती ते ठाऊक.
"चांगला माणूस आहे तो."
आहेच. पण समजा तो हे चपलांच्या दुकानात सांगतो,
औषधवाल्याला सांगतो,
तुम्ही किती वेळ बसलात, कुणाशेजारी बसलात.
खोलीत कुणी बोलेना.
मग आदेलिनो, डोळे न उघडता:
"होता असा एक. क्रांतीच्या आधी.
त्याच्यासमोर आम्ही फक्त हवेपाण्याचं बोलायचो."
त्या दिवशी सगळ्यांनी, न सांगता,
'नकार द्या'चं बटण शोधून काढलं.

पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. मलाही नाही.
देल्मिरानं एका बोटानं अकरा अक्षरं दाबली,
प्रत्येक अक्षराला ओठ हलत होते.
अख्ख्या खोलीला ते होडीचं नाव कळलं.
आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो.

डिलीट मी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलं होतं.
पुसलेली फाइल लगेच जात नाही, मी सांगत होते,
वहीतून तिचं नाव तेवढं काढतात,
आणि ही जागा रिकामी आहे असं मांडून ठेवतात.
फाइल असते तिथंच.
"किती दिवस?"
त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.
"आणि नाहीच लिहिलं तर?"
तर असते.
देल्मिरानं मान हलवली,
बाजारात वजन पटल्यावर हलवावी तशी.
गोदीच्या कचेरीनं वाट पाहिली होती पंधरा दिवस,
मग शाईची एक रेघ, सरळ, पट्टीनं ओढलेली.
हे मला कुणी सांगितलं ते आता आठवत नाही.

तिनं सरावासाठी एक फोटो निवडला, कोबीच्या सूपचा,
चुकून तीनदा निघालेला.
बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला:
नक्की काढून टाकायचं का?
ती थांबली. चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली केला.
"हा दरवेळी विचारतो?"
दरवेळी.
"विचारतो तरी," ती म्हणाली,
आणि सूप तसंच राहू दिलं, तिन्ही.

साडेपाचला मी यंत्रं एकेक बंद करत गेले.
आदेलिनो म्हणाले, हीटर राहू दे,
कोट घालून होईपर्यंत.