वळसा

शाहूपुरीत पाचव्या गल्लीच्या तोंडाला आमचा स्टुडिओ.
आत भिंतीवर एक बाग होती,
वडिलांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली:
संगमरवरी कठडा, कारंजं, दोन हंस,
आणि कधीच न गळणारे गुलाब.
तिच्यापुढं अर्ध्या जिल्ह्यानं हसून घेतलंय.
कागलच्या नवऱ्या, गडहिंग्लजचे पैलवान,
बारशाची बाळं, रिटायर झालेले कंडक्टर.
एकदा पडदा गुंडाळताना हंसाच्या मानेला चीर गेली.
तेव्हापासून सगळ्यात उंच माणसाला
मी तिथंच उभं करत आलो.

आता पडदा पोटमाळ्यावर आहे
आणि मी पहाटे साडेपाचला टाऊन हॉलच्या बागेत.

सुरुवातीला बागेलाही सांगायचो,
हनुवटी जरा वर.
आडवी येणारी फांदी सुतळीनं मागं बांधायचो,
पिवळं पान खुडायचो,
जास्वंदीवर बाटलीनं पाणी मारून
दव म्हणून खपवायचो.
लोक म्हणायचे, नाद खुळा!
घरी येऊन बघावं तर सगळी झाडं
पासपोर्टच्या फोटोतल्यासारखी,
ओळख पटण्यापुरती.

मग गुडघे गेले.
एकदा बसलं की उठणं जिवावर यायचं,
म्हणून बसूनच राहू लागलो.
मुंगीच्या उंचीवरनं दुर्वा केवढी असते
ते त्या दुखण्यानं दाखवलं.
वटवाघळं रात्रपाळी करून परत येतात,
अर्धा तास जागेवरनं भांडतात, उलटी टांगलेली,
मग एकदम गप्प.
त्या गप्पपणात ऊन आत शिरतं, तिरकं,
पानांच्या पाठीमागनं,
आणि कोवळं पान
उजेडात धरलेल्या तान्ह्याच्या कानासारखं दिसतं.
तेवढी सात-आठ मिनिटं माझी.
बाकीचा दिवस बागेचा.

सप्टेंबरात मसाई पठारावर गेलो होतो.
फुलांत पाऊल ठेवायला जागा नव्हती,
म्हणून ठेवलं नाही. कडेच्या खडकावर थांबलो.
धुकं आलं, पठार पुसून गेलं,
मी भाकरी न् ठेचा खाल्ला आणि खाली आलो.
त्या दिवसाचं कार्ड रिकामं आहे.
त्यावर अजून दुसरं काही काढवलेलं नाही.

पांडबा कुरणे, बागेतला माळी.
तेवीस वर्षं तीच झारी, तेच खुरपं.
परवा म्हणाला, "एक फोटू काढा की माझ्यासाठी."
म्हटलं, उभा राहा.
"माझा न्हवं ओ. बकुळीचा."
आणि मोकळ्या हिरवळीकडं बोट केलं.
बकुळ दोन वर्षांमागच्या वादळात पडली होती.
"हितं हुती," म्हणाला,
एखादं दुकान दुसरीकडं हललंय
असं सांगावं तसं.

चार सकाळी त्या जागेशी झटापट केली.
खालनं, वरनं, उन्हाकडं तोंड करून, पाठ करून.
मोकळी जागा नुसती मोकळीच येत होती.
पाचव्या दिवशी पांडबा पाइप ओढत आला
आणि सरळ जायचं सोडून
वळसा घालून गेला,
डावा खांदा जरा वाकवून,
खालच्या फांदीला चुकवत.
त्याला ठाऊकही नव्हतं.
त्याच्या पायाखालची वाटसुद्धा तशीच वाकडी,
नसलेल्या बुंध्याचा मान राखत.

बटण दाबलं तेव्हा
तो निघून गेला होता, पाइप अजून सरकत होता.

प्रिंट दिली. त्यानं लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली.
वाटलं, आता विचारणार, ह्यात झाड कुठाय?
"वळण बरोबर आलंय," म्हणाला.
मग खोपीत, हजेरीच्या वहीशेजारी,
ती लावायला जागा शोधू लागला.
खिळा होता, पण त्याला भोक पाडायचं नव्हतं.

मी खिशातली सुतळी दिली.
बरीच वर्षं उगीच पडून होती.